देवगडच्या पॅकहाउसमध्ये चुकणारा आंबा: व्हर्च्युअल मशीनच्या कर्नलचं एक प्रकरण

एप्रिलचा दुसरा आठवडा, हापूसचा ऐन हंगाम. देवगडजवळच्या एका पॅकहाउसच्या मालकांचा संध्याकाळी फोन आला. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. "मशीन आंबे चुकवता हा. उद्या सकाळीच ये." मी कणकवलीत राहतो, सर्व्हर आणि नेटवर्कची कामं करतो. या पॅकहाउसमधला सर्व्हर मीच बसवलेला, आणि आदल्या वर्षी त्याची कामगिरी 'सुधारली' होती तीही मीच. ती सुधारणाच या बिघाडाच्या मुळाशी निघाली, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे. लिनक्सवर केव्हीएम, म्हणजे एका यंत्रात अनेक व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय, वापरणाऱ्या कुणालाही यातला एखादा खड्डा आधीच दिसेल.

आधी मशीन कसं चालतं ते बघू. आंबा एकेका वाटीत बसून पट्ट्यावरून पुढे जातो. वाट्यांमधलं अंतर १२ सेंटिमीटर, पट्ट्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. म्हणजे दर २४० मिलिसेकंदांनी एक वाटी. सुरुवातीला वजनकाटा, मग कॅमेरा, आणि त्यापुढे आठ गेटं. ज्या वजनगटाचा आंबा, त्याच्या गेटवर सोलेनॉइड (विजेने ओढणारं चुंबक) वाटीच्या खालची दांडी ओढतो, वाटी कलंडते, आंबा अलगद क्रेटमध्ये. दांडी सोलेनॉइडच्या समोर असते ती जेमतेम १० मिलिमीटर. अर्धा मीटर वेगाने १० मिलिमीटर म्हणजे २० मिलिसेकंद. प्रोग्रॅम नेम धरतो तो मधोमध; सोलेनॉइडला लागणारा ठराविक वेळ आधीच वजा केलेला असतो. उशीर चालेल तो १० मिलिसेकंद. अकराव्याला दांडी निघून गेलेली असते, आणि तो आंबा कुठेच न पडता पट्ट्याच्या टोकाला शेवटच्या क्रेटमध्ये जातो.

त्या क्रेटमध्ये खरं तर फारच थोडे आंबे यायला हवेत: वाटीत नीट न बसलेला, किंवा दोन एकत्र आलेले. मी गेलो तेव्हा आदल्या दुपारपासून तिथे दोन क्रेट भरले होते आणि काकी शेजारी तराजू घेऊन हाताने पुन्हा प्रतवारी करत बसल्या होत्या. वाशीच्या बाजारात पेटी उघडून वरचा थर बघतात, खालचा बघतात. एका पेटीत अडीचशे ग्रॅमच्या रांगेत दोनशेचा आंबा निघाला तर पुढच्या सगळ्या पेट्यांचा भाव पडतो. आणि संध्याकाळची गाडी थांबत नाही. ती वेळेत नांदगावला हायवेला लागली तरच पहाटे वाशीला पोचते.

हे सगळं पीएलसीवर, म्हणजे कारखान्यात वापरतात त्या खास कंट्रोलरवर, का नाही, असं जाणकार विचारतीलच. आधी होतं. वजनाचा हिशेब एका जुन्या कंट्रोलरवर आणि कॅमेऱ्याचा दोन साध्या पीसींवर चालायचा. खारी हवा आणि दिवसातून चारदा जाणारी लाईट यांनी दोन हंगामांत दोन्ही पीसी खाल्ले, मग कंट्रोलरचंही कार्ड गेलं. तेव्हा एसीच्या बंद खोलीत यूपीएसवर एकच सर्व्हर ठेवायचा आणि सगळं त्यावर व्हर्च्युअल मशीन करून चालवायचं, हा निर्णय झाला. पट्ट्याजवळ फक्त पट्टा किती पुढे गेला ते मोजणारा एन्कोडर आणि गेटांचं इनपुट-आउटपुट मॉड्यूल राहिलं, नेटवर्कच्या वायरने सर्व्हरला जोडलेलं. ८ कोअरचा सर्व्हर, हायपरथ्रेडिंग बंद, ३२ जीबी मेमरी, होस्टवर, म्हणजे खऱ्या यंत्रावर, डेबियन १२ आणि लिनक्सचा गाभा म्हणून ६.१ कर्नल. त्यावर तीन गेस्ट, म्हणजे तीन व्हर्च्युअल मशीन. गेटं चालवणारा (याला 'गेट' म्हणू) २ व्हीसीपीयूचा, म्हणजे दोन व्हर्च्युअल प्रोसेसरांचा. फोटो तपासून डाग, रंग, आकार ठरवणारा 'फोटो' ८ व्हीसीपीयूचा. आणि बिलं, बागायतदारांच्या नोंदी, वाशीहून आलेल्या विक्रीच्या हिशेबपट्ट्या सांभाळणारा 'हिशेब' ४ व्हीसीपीयूचा. ८ खऱ्या कोअरवर १४ व्हीसीपीयू. कागदावर यात वावगं काही नाही. लोक याहून जास्त चढवतात.

शेवटच्या क्रेटवरचा मोबाइल

पॅकहाउसमध्ये सगळ्यांचा संशय सोलेनॉइडवर होता. फिटर दोनदा येऊन गेला होता, एका गेटची स्प्रिंग बदलून झाली होती. मीही आधी तेच धरलं असतं. पण चुकलेले आंबे कुठल्या एका गेटचे नव्हते, सगळ्या वजनगटांचे होते.

मी मोबाइल शेवटच्या क्रेटच्या वर दोरीने बांधला आणि तासभर व्हिडिओ घेतला. प्रत्येक आंबा पडल्याचा क्षण मिळाला. काकींनी त्याच क्रमाने वजन सांगितलं, त्यावरून त्या आंब्याचं गेट कळलं. गेटं एकमेकांपासून ६० सेंटिमीटरवर, म्हणजे पट्ट्याला १.२ सेकंद. मग उलटा हिशेब मांडला: हा आंबा आपल्या गेटवर नेमका कधी चुकला? वहीत आकडे उतरवत गेलो तशी एक गोष्ट समोर आली. टोकाला पाच-सहा सेकंदांच्या फरकाने पडलेले दोन-तीन आंबे आपापल्या गेटवर एकाच क्षणी चुकलेले होते. गेटांमधलं अंतर वाटीच्या अंतराच्या पटीत असल्याने सगळ्या गेटांचा क्षण एकच येतो. दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या गेटची स्प्रिंग एकाच क्षणी कशी अडकेल? त्या क्षणी आदेश देणारं यंत्रच थांबलेलं असणार.

नानांना मी 'गेट'च्या प्रोग्रॅमचा आलेख दाखवला. सरासरी उशीर मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. आदल्या वर्षीपेक्षा बरा. नानांनी तो बघितला आणि म्हणाले, "माका सरासरी सांगू नको रे. माजो आंबो खंय गेलो, ता सांग."

बरोबर होतं त्यांचं. गेटला सरासरीशी काही देणंघेणं नाही. हजारातला एक क्षण १२ मिलिसेकंदांचा निघाला की त्या क्षणाचे आंबे गेले, मग उरलेले ९९९ कितीही चपळ असोत.

आदल्या वर्षीची सुधारणा

आदल्या वर्षी तक्रार उलटी होती. 'फोटो' मागे पडायचा. आंबा गेटपर्यंत पोचला तरी त्याचा निकाल आलेला नसायचा. तेव्हा मी होस्टला थ्रूपुट, म्हणजे एकूण उरकणारं काम, वाढवणारी प्रचलित सेटिंग्ज लावली. त्यांत शेड्यूलरचे, म्हणजे कोअर कुणाला कधी द्यायचा ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाचे, दोन आकडे होते. थ्रेडला (चालत्या कामाच्या एका धाग्याला) एकदा कोअर मिळाला की किमान किती वेळ चालू द्यायचं, तो आकडा १० मिलिसेकंद. नव्याने जागा झालेल्याने चालू असलेल्याला हटवायचं तर दोघांच्या हिशेबात किती फरक हवा, तो १५ मिलिसेकंद. कारण सरळ आहे. थ्रेड सारखे अदलाबदल झाले की प्रोसेसरच्या कॅशमधला माल दर वेळी वाया जातो. लांब वाटे दिले की काम जास्त उरकतं. 'फोटो'चं काम खरंच उरकू लागलं. हंगाम छान गेला आणि मी ते आकडे विसरून गेलो.

आता तेच आकडे 'गेट'च्या बाजूने वाचून बघा. ६.१ कर्नलमधला सीएफएस शेड्यूलर ८ कोअरच्या यंत्रावर मुळात २४ मिलिसेकंदांचा फेरा धरतो आणि किमान वाटा ३ मिलिसेकंदांचा. जो थ्रेड झोपून उठतो त्याला थोडी सवलत मिळते, म्हणजे त्याचा खाल्लेला वेळ इतरांहून कमी धरला जातो. पण ही सवलत अर्ध्या फेऱ्यापुरतीच, १२ मिलिसेकंदांची. हटवण्याचा उंबरठा मूळचा ४, म्हणून १२ ची सवलत तो सहज ओलांडायची आणि 'गेट' उठल्याबरोबर कोअर मिळवायचा. मी उंबरठा १५ वर नेला. १२ ने १५ ओलांडले जात नाहीत. म्हणजे दर मिलिसेकंदाला क्षणभर उठून गेटं बघणारा थ्रेड आता जवळजवळ कधीच कुणाला हटवू शकत नव्हता. समोर 'फोटो'चा थ्रेड असेल तर त्याचे १० मिलिसेकंद संपेपर्यंत थांबायचं, आणि कर्नलचा टिक, म्हणजे पाळी बदलायची का ते बघण्याचा ठोका, २५० हर्ट्झचा, दर ४ मिलिसेकंदांनी, म्हणून प्रत्यक्षात बारापर्यंत.

आमची मुभा १० ची. वाट १० ते १२ ची. म्हणूनच दिवसा फारसं काही व्हायचं नाही, कारण एखादा कोअर मोकळा सापडायचा. संध्याकाळी माल जोरात, शिवाय 'हिशेब'वर बिलं सुरू. आठही कोअर भरले की आंबे चुकायला लागायचे. यंदा पट्ट्यावरचा माल वाढला होता, म्हणून जे आदल्या वर्षी झाकलेलं होतं ते उघडं पडलं.

आतला अग्रक्रम

आकडे मूळ जागी नेले की चुकणं कमी होणार होतं, पण 'फोटो' पुन्हा मागे पडला असता. म्हणून मी आधी दुसरा रस्ता धरला, आणि तो चुकला. 'गेट'च्या आत रिअल-टाइम कर्नल घातला.

हा कर्नल काय करतो ते थोडक्यात सांगायला हवं. साध्या कर्नलमध्ये काही कामं एकदा सुरू झाली की मध्ये कुणाला येऊ देत नाहीत. रिअल-टाइम कर्नलमध्ये यातली बहुतेक कुलपं (दोघांनी एकाच वेळी एकच गोष्ट बदलू नये म्हणून लावलेली) अशी होतात की वाट बघणारा झोपू शकतो, इंटरप्टची (हार्डवेअरच्या हाकेची) कामं वेगळ्या थ्रेडमध्ये जातात, आणि कमी महत्त्वाच्या थ्रेडने कुलूप धरून ठेवलं असेल तर वाट बघणाऱ्याचा अग्रक्रम त्याला तेवढ्यापुरता मिळतो. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान सारखं रीसेट होत होतं ते नेमकं या शेवटच्या गोष्टीवाचून. पृथ्वीवरून ती सोय चालू केली तेव्हा ते थांबलं. लिनक्समधलं हे काम सुमारे २० वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर पॅच म्हणून चाललं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ६.१२ च्या वेळी मुख्य प्रवाहात आलं. डेबियन १२ मध्ये ६.१ चा रिअल-टाइम अवतार तयार पॅकेज म्हणून मिळतो. तो घातला, गेटांच्या थ्रेडला फिफो धोरण (स्वतः थांबेपर्यंत बरोबरीचा किंवा खालचा कुणी हटवू शकत नाही) आणि ९० चा अग्रक्रम दिला.

फरक शून्य. सायक्लिकटेस्ट हे छोटं साधन ठराविक वेळाने उठण्याचा प्रयत्न करतं आणि प्रत्यक्षात किती उशिरा उठलं ते मोजतं. गेस्टच्या आत संध्याकाळच्या भरात ते चालवलं. सर्वात वाईट आकडा १४ मिलिसेकंद. कर्नल बदलण्याआधीही तेवढाच होता.

कारण समजायला मला एक पूर्ण रात्र लागली, आणि ते एकदा समजलं की पुन्हा विसरत नाही. गेस्टच्या आतला ९० चा अग्रक्रम होस्टला दिसतच नाही. होस्टच्या दृष्टीने गेस्टचा व्हीसीपीयू म्हणजे एक साधा थ्रेड, 'हिशेब'च्या बिल छापणाऱ्या थ्रेडच्या बरोबरीचा. गेस्टमध्ये सगळ्यांनी वाट सोडली तरी तो गेस्टच जर बाहेर रांगेत उभा असेल तर आतल्या मानाचा उपयोग काय? गेस्टला तर आपण थांबलो होतो हेही कळत नाही. त्याच्या टॉप या प्रोसेसर-वापर दाखवणाऱ्या साधनातल्या 'एसटी' रकान्यात, चोरीला गेलेल्या वेळात, तेवढं उमटतं. तो रकाना संध्याकाळी ३-४ टक्क्यांवर असायचा. मी तो कितीदा पाहिला होता, आणि इतका कमी म्हणून सोडून दिला होता.

दर सहा सेकंदांनी एक

मग बाहेरही अग्रक्रम द्यायचा ठरवलं. होस्टवरही रिअल-टाइम कर्नल, 'गेट'चे दोन व्हीसीपीयू दोन कोअरवर बांधले, त्या थ्रेडना होस्टवर फिफो. आणि गेस्ट झोपून उठण्यात वेळ जाऊ नये म्हणून त्याच्या बूटला 'आयडल इक्वल टू पोल' हा पर्याय, म्हणजे काम नसतानाही व्हीसीपीयू झोपणार नाही, फिरत राहील. लेटन्सी, म्हणजे उशीर, कमी करण्याच्या याद्यांमध्ये हा सल्ला हमखास असतो.

दुपारी चारला लाइन सुरू केली. दहा मिनिटांत काकींनी हाक मारली. "आता तर घड्याळ लावल्यासारखो येता हा!" खरंच तसंच होतं. मोबाइलवर मोजलं: गेटांचा एक क्षण दर ६ सेकंदांनी चुकत होता, न चुकता.

असा ठेका दिसला की कुठेतरी एखादा ठराविक आकडा लपलेला असतो. इथे तो कर्नलच्या एका सुरक्षा-मर्यादेत होता. रिअल-टाइम थ्रेड बेभान होऊन यंत्र अडकवू नये म्हणून लिनक्स मुळातच अशा थ्रेडना दर सेकंदातले ९५० मिलिसेकंदच देतो. सहसा हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण रिअल-टाइम थ्रेड थोडं काम करून झोपतो. पण माझा व्हीसीपीयू झोपतच नव्हता. होस्टला तो १०० टक्के कोअर खाणारा फिफो थ्रेड दिसत होता, आणि नियमाप्रमाणे तो दर सेकंदाला ५० मिलिसेकंद त्याला थांबवत होता. गेटांचा क्षण दर २४० मिलिसेकंदांनी, भोक दर १००० ला. ६ सेकंदांत २५ क्षण आणि ६ भोकं, प्रत्येक भोक आधीच्याहून ४० मिलिसेकंद सरकलेलं. आणि ५० च्या भोकातून १० ची मुभा वजा केली की चुकण्याची खिडकीही ४० चीच. म्हणून सहा भोकांतलं बरोबर एक गेटाच्या क्षणावर पडत होतं. वहीवर हे मांडून झालं तेव्हा आकडे इतके चपखल बसले की माझा मलाच विश्वास बसेना.

ही मर्यादा उठवता येते. मी उठवली नाही. बांधलेल्या कोअरवर उद्या प्रोग्रॅममधल्या चुकीने थ्रेड खरंच बेभान झाला तर पॅकहाउसमधल्या मुलाला यंत्र सावरायला काहीतरी वाट हवी. मी पोल काढून टाकला. त्यामुळे गेलं काय? कोअर गाढ झोपेतून, सी६ स्थितीतून, उठायला शे-दीडशे मायक्रोसेकंद लागतात. आमची मुभा १० हजार मायक्रोसेकंदांची आहे. तेवढ्यासाठी मे महिन्याच्या उकाड्यात दोन कोअर चोवीस तास तापत ठेवायचे आणि जनरेटरचं डिझेल जाळायचं, याला अर्थ नव्हता. गाडी त्या दिवशी दीड तास उशिरा सुटली, ती माझ्यामुळे.

मुभेच्या मापाने

त्या संध्याकाळनंतर मी उपाय शोधणं थांबवलं आणि वहीच्या एका पानावर उशिरांची मापं लिहिली. गेस्टमधून होस्टमध्ये जाऊन परत येणं: एक-दोन मायक्रोसेकंद. गाढ झोपेतून उठणं: शे-दीडशे मायक्रोसेकंद. शेड्यूलरच्या रांगेत थांबणं: ३ ते १२ मिलिसेकंद. स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरी कमी पडल्यावर डिस्कवर, गेलेलं मेमरीचं एक पान फिरत्या हार्ड डिस्कवरून आणणं: साधारण १० मिलिसेकंद. डिस्कवर नोंद पक्की होण्याची वाट बघणं, बॅकअप चालू असताना: शेकडो मिलिसेकंद. आमच्या १० मिलिसेकंदांच्या रेघेखाली जे आहे त्याला हात लावायचा नाही, वरचं एकही ठेवायचं नाही. पान पाहिलं तेव्हा लक्षात आलं की मी आठवडाभर जे बदलत होतो त्यातलं अर्धं रेघेच्या खालचं होतं. टिक बंद करणं, पोल, हे सगळं दहा मायक्रोसेकंदांवर जगणाऱ्यांचं औषध आहे, आमचं नव्हे.

त्याच पानावर प्रत्येक गेस्टची मुभाही लिहिली, आणि इथे सगळ्यात मोठी सुटका झाली. 'फोटो'लाही मी आजवर रिअल-टाइम समजत होतो, कारण त्याचा निकाल वेळेत लागतो. पण किती वेळेत? कॅमेऱ्यापासून पहिल्या गेटपर्यंत दीड मीटर, म्हणजे ३ सेकंद. 'फोटो'ला ३ सेकंदांची मुभा आहे, 'गेट'च्या तीनशेपट! दोघांना एका मापाने मोजत होतो म्हणून दोघांची ओढाताण चालली होती. 'फोटो'ला हवं आहे ते थ्रूपुट, आणि ते देण्याचा उपाय शेड्यूलरमध्ये नव्हताच. एकेका आंब्याचे फोटो तपासण्याऐवजी घोळक्याने तपासले तर तेवढ्याच कोअरवर काम जास्त निघतं. आठ आंब्यांचा घोळका केला तर तो जमायलाच सुमारे १.९ सेकंद जातात, वर तपासणीचा वेळ. ३ सेकंदांत अंगाशी येईल. चारांचा घोळका ९६० मिलिसेकंदांत जमतो. चार ठेवला. 'फोटो' ८ ऐवजी ४ व्हीसीपीयूवर चालू लागला आणि मागे पडला नाही.

मग वाटणी सोपी झाली. कोअर ० आणि १ होस्टला, गेस्टची हार्डवेअर-नक्कल सांभाळणाऱ्या थ्रेडना आणि डिस्कच्या कामाला. २ आणि ३ फक्त 'गेट'ला. बूटच्या वेळीच बाकी शेड्यूलरपासून वेगळे काढलेले, इंटरप्टही तिकडे न जाणारे, एकेक व्हीसीपीयू एकेका कोअरवर बांधलेला. ४ ते ७ 'फोटो' आणि 'हिशेब' यांना सामाईक. होस्टवरचा रिअल-टाइम कर्नल काढला. त्याने रात्रीचं फोटो आवळून साठवण्याचं काम तीन तासांवरून साडेतीनच्या पुढे गेलं होतं, आणि 'गेट'चे कोअर वेगळे काढल्यावर होस्टवर त्याची गरज उरली नव्हती. डेबियनच्या साध्या कर्नललाच बूटच्या वेळी 'प्रीएम्प्ट फुल' सांगता येतं, म्हणजे कर्नलचं काम चालू असतानाही बहुतेक ठिकाणी मध्ये शिरता येतं, तेवढं पुरलं. गेस्टमधला रिअल-टाइम कर्नल मात्र ठेवला. आता बाहेर रांग नाही म्हटल्यावर आतल्या अग्रक्रमाला किंमत आली.

सकाळच्या पहिल्या पाच मिनिटांत जे आंबे चुकायचे त्यांचं कारण वेगळंच होतं. तिन्ही गेस्टना मिळून मी ३६ जीबी मेमरी वाटली होती, यंत्रात ३२. रात्री बॅकअप चालला की स्वस्थ बसलेल्या 'गेट'ची पानं होस्ट स्वॅपमध्ये टाकायचा, आणि सकाळी एकेक पान डिस्कवरून यायचं. प्रत्येकाला आमची सगळी मुभा खाऊन. वाटप २८ जीबीवर आणलं, 'गेट'ची ४ जीबी मोठ्या पानांत आणि कुलूपबंद केली, तिची गरजेप्रमाणे मेमरी परत घेणारी बलूनिंग आणि सारखी पानं एकत्र करणारी केएसएम ही सोय बंद केली. या सोयी वाईट नाहीत. 'हिशेब'साठी अजून चालू आहेत.

नेटवर्कचं मला सगळ्यात शेवटी सुचलं. एन्कोडरची पाकिटं गेस्टमध्ये पोचवणारा व्हीहोस्ट थ्रेडही होस्टवरचा साधा थ्रेडच असतो. व्हीसीपीयू कितीही तत्पर असला तरी पाकीट आणणारा रांगेत असेल तर दोघेही थांबलेले. कार्डाचं दुसरं पोर्ट थेट 'गेट'ला देऊन टाकलं, त्याचा इंटरप्ट ३ क्रमांकाच्या कोअरवर नेला.

आणि प्रोग्रॅम उघडून पाहिला तर गेटं उघडणारा थ्रेडच प्रत्येक आंब्याची नोंद फाइलमध्ये लिहीत होता आणि ती डिस्कवर पक्की होईपर्यंत थांबत होता. बॅकअप गेस्टची फाइलसिस्टिम गोठवतो त्या क्षणी गेटंही गोठायची. नोंद मेमरीतल्या रांगेत टाकायची आणि वेगळ्या, साध्या अग्रक्रमाच्या थ्रेडने निवांत लिहायची, असा बदल केला. चाळीसेक ओळींचं काम. कर्नलच्या सगळ्या खटाटोपाइतकाच याचा गुण आला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

काय मिळालं, काय गेलं

सायक्लिकटेस्ट सकाळपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत चालू ठेवला. मध्ये भर संध्याकाळ, बिलं, बॅकअप, आणि एकदा लाईट जाऊन जनरेटर सुरू होणं, सगळं येऊन गेलं. सर्वात वाईट आकडा ३१० मायक्रोसेकंद. सरासरी आदल्या वर्षीएवढीच, काडीचा फरक नाही. शेवटच्या क्रेटमध्ये दिवसभरात येतात ते वाटीत आडवे बसलेले आणि जोडीने आलेले आंबे.

याची किंमत 'हिशेब'ने मोजली. 'गेट'चे दोन कोअर दिवसातला बहुतेक वेळ रिकामे असतात, आणि संध्याकाळी बिलं छापायला थांबलेल्या वहिनींना ते वापरता येत नाहीत. पूर्वी पटकन निघणारा दिवसाचा गोषवारा आता दोन-तीन मिनिटं घेतो. त्यांनी विचारलं, "भावजी, कोअर मोकळे दिसतायत, मग मला का नाही देत?" मी त्यांना शेवटच्या क्रेटपाशी नेऊन २० मिलिसेकंदांची दांडी दाखवली. मोकळा कोअर वाया जातोय असं दिसतं, पण तो मोकळा असतो म्हणूनच गेटाच्या क्षणी हाताशी असतो. त्यांना पटलं. तरी गोषवारा त्यांना रोज काढायचा असतो, म्हणून तो आता गाडी सुटल्यावर, पट्टा थांबल्यानंतर काढतात. बॅकअप रात्री दोनवर नेला आणि त्याचा डिस्कवरचा वेग बांधून दिला.

पुढच्या हंगामात नानांना दुसरी लेन लावायची आहे. दोन लेनच्या गेटांचे क्षण वेगवेगळे पडतील, पण १ मिलिसेकंदाच्या फेऱ्यात त्यांचा हिशेब त्याच दोन कोअरवर बसेल असं मोजून पाहिलं आहे. अडचण 'फोटो'ची आहे. आंबे दुप्पट, कोअर तेच चार, आणि 'हिशेब' त्यांतच भागीदार. त्याला मोठा घोळका चालेल, पण मग ३ सेकंद पुरणार नाहीत. म्हणून मी नानांना कर्नलचं काहीच सांगितलं नाही. कॅमेरा गेटांपासून आणखी एक मीटर मागे घ्या, एवढंच सांगितलं. एका मीटरला २ सेकंद मिळतात. फिटरने पट्ट्याची चौकट मोजून ठेवली आहे, पावसाळ्यात वेल्डिंग करून घेणार आहेत.